रांगिटोटो एका दिवसात: शिखर जरूर करा, ‘सपाट’ किनाऱ्याच्या वाटेला जाऊ नका

काल न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून रांगिटोटो या ज्वालामुखीच्या बेटावर जाऊन आले आणि आज जिना उतरताना कठडा धरून उतरतेय, म्हणून डोक्यात सगळं ताजं आहे तोवर लिहून टाकते. बेट अप्रतिम आहे, जा, नक्की जा, पण किनाऱ्याची वाट, म्हणजे नकाशात कोस्टल ट्रॅक लिहिलंय ती, परतीची शेवटची बोट डोक्यावर असताना अजिबात घेऊ नका. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

माझी धाकटी बहीण ऑकलंडला असते, मी तिच्याकडे तीन आठवड्यांसाठी आलेय. तिच्या ओळखीतल्या एकाने आम्हाला प्लॅन करून दिला होता. शिखरावर जा, तिथून रस्त्याने पलीकडे इस्लिंग्टन बे नावाच्या खाडीपाशी उतरा आणि मग किनाऱ्याच्या वाटेने धक्क्यावर परत या. "ती वाट एकदम सपाट आहे, समुद्राच्या कडेकडेने, पायांना आरामच." हे त्याचे शब्द. आता मी सह्याद्रीत पंधरा वर्षं फिरतेय, कळसूबाई किती वेळा झालं मोजलं नाही, त्यामुळे २५९ मीटरच्या डोंगराचं आणि सपाट वाटेचं मला काय वाटणार होतं. बहीण म्हणाली, "ताई, तुला तर हे किरकोळ वाटेल." मलाही तसंच वाटलं आणि चूक तिथेच झाली.

आधी फेरी बोटीचं. ऑकलंडच्या डाउनटाउन धक्क्यावरून निघते, साधारण २५ मिनिटं लागतात. सुट्टीचे दिवस असतील तर तिकीट आधी काढा, येण्याचं आणि जाण्याचं दोन्ही, आणि परतीची शेवटची बोट कितीची आहे ते त्याच दिवशी सकाळी पुन्हा बघा. शेवटची म्हणजे संध्याकाळची नाही हं, आमची दुपारी साडेतीनची होती. बेटावर मुक्काम करता येत नाही, दुकान नाही, हॉटेल नाही, बोट चुकली की वॉटर टॅक्सी बोलवायची आणि तो खर्च तुमचा. बोटीत चढायच्या आधी बूट ब्रशने घासून घ्या, सॅक उघडून बघा, आत मुंगी, उंदीर, माती, बिया काही नको. लोक हे वरवर करतात ते बघून मला राग आला. या बेटावरचे पॉसम, वॉलबी, उंदीर सगळे काढायला इथल्या लोकांची वीसेक वर्षं गेली, २०११ साली कुठे बेट उपद्रवी प्राण्यांपासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं, आणि आता टिएके नावाचा पक्षी तिथे परत आलाय. आपल्या सॅकमधून एक गाभण उंदरीण गेली तर सगळं पाण्यात. दोन मिनिटं लागतात, नीट करा.

धक्क्यावर उतरलात की आधी टॉयलेटला जाऊन या आणि लगेच शिखराची वाट धरा, कारण अख्खी बोट एकदम निघते आणि पहिला अर्धा तास रांगेत चालावं लागतं. वाट चांगली बांधलेली आहे, चढ हळूहळू वाढतो, शेवटचा टप्पा तेवढा उभा आणि पायऱ्यांचा. आम्ही थांबत थांबत सव्वा तासात वर होतो. जरा चालायची सवय असलेला माणूस सहज करेल, लहान मुलं होती, साठीच्या पुढचेही होते.

पण ऊन. डिसेंबरचा शेवट, म्हणजे इथला उन्हाळा, आणि दोन्ही बाजूंना काळाकुट्ट लाव्हा. वरून ऊन आणि खालून तव्यासारखी धग. बेटावर एक ओढा नाही, एक झरा नाही, कारण पाऊस पडला की दगडांच्या भेगांतून सरळ खाली जातो. पिण्याचं पाणी मिळेल असं धरून जाऊ नका. आम्ही माणशी दोन लिटर नेलं होतं आणि ते कमी पडलं. तीन न्या. टोपी आणि सनस्क्रीन तर हवंच, इथलं ऊन आपल्याकडच्यासारखं घाम काढत नाही पण कातडी सोलून काढतं.

आता खडकाबद्दल जरा लिहिते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आपला सह्याद्री पण लाव्हाचाच, बेसॉल्टच, त्यामुळे मी मनात धरून चालले होते की हा दगड आपल्या ओळखीचा. तसं नाहीये. आपला कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, पाऊस खाऊन खाऊन गुळगुळीत झालेला, वर माती, गवत, पाऊल टाकलं की धरतो. रांगिटोटोचा शेवटचा मोठा उद्रेक सुमारे ६०० वर्षांपूर्वीचा. म्हणजे ज्ञानेश्वर माऊलींनी समाधी घेतली त्याच्याही नंतरचा दगड मी पायाखाली तुडवत होते, हे लक्षात आलं तेव्हा मी खरंच थांबून हात लावून बघितला. धार आहे त्याला. थंड होताना वरची साय फुटत फुटत पुढे सरकली आणि तिचे तुकडे एकमेकांवर कसेही रचले गेले, असल्या खडबडीत लाव्हाला ‘आ-आ’ म्हणतात, हवाई बेटांवरचा शब्द आहे. माती जवळजवळ नाहीच. झाडं सरळ भेगेत उगवलेली, आणि झाडं तरी कसली, पोहुतुकावा, लालभडक फुलांनी भरलेली, पोहुतुकावाचं जगातलं सगळ्यात मोठं जंगल हेच. काळा दगड आणि त्यावर लाल पुंकेसरांचा सडा, हे मी विसरणार नाही. फुलं बघायची असतील तर डिसेंबरमध्येच जा.

शिखराच्या थोडं अलीकडे लाव्हाच्या गुहांकडे जाणारा फाटा आहे, जाऊन येऊन अर्धा पाऊण तास. घ्याच. लाव्हाचा लोंढा बाहेरून गार होऊन कवच झालं, आतला पातळ लाव्हा पुढे वाहून गेला आणि पोकळ नळी उरली, त्यातून तुम्ही वाकून, कधी रांगून जाता. टॉर्च प्रत्येकाकडे वेगळा हवा, मोबाइलचा चालेल म्हणून जाऊ नका, कारण एक हात छताला आणि एक खडकाला लागतो. आमच्या पुढच्या मुलाचा मोबाइल हातातून सुटून दगडांच्या फटीत गेला आणि तो काढायला वीस मिनिटं गेली त्यांची. हातमोजे न्या, बागकामाचे साधे असले तरी चालतील. माझ्याकडे होते, बहिणीकडे नव्हते, तिचे तळवे बघा म्हणजे कळेल.

शिखरावर विवर आहे, आत झाडी भरलेली, कडेने फेरी मारता येते. दुसऱ्या महायुद्धातली टेहळणीची काँक्रीटची चौकी आहे, आणि चारी बाजूंना हाउराकी आखात, एकीकडे ऑकलंडचा स्काय टॉवर, दुसरीकडे मोटुटापू हे शेजारचं हिरवंगार बेट. दोन्ही बेटं मध्ये बांधलेल्या बांधाने जोडलेली आहेत. एक काळं, एक हिरवं, इतकी शेजारी आणि इतकी वेगळी, कारण मोटुटापू कोट्यवधी वर्षं जुनं आणि हे काल जन्मलेलं. हा ज्वालामुखी पेटला तेव्हा मोटुटापूवर माओरी लोक राहत होते, तिथल्या राखेत माणसांच्या आणि कुत्र्यांच्या पावलांचे ठसे सापडलेत. आम्ही वर अर्धा तास बसलो. कोणी बोललं नाही.

मग रस्त्याने इस्लिंग्टन बे. हा भाग छान, रुंद कच्चा रस्ता, उतार, फार लिहिण्यासारखं नाही. फक्त एवढंच की बेटावरचे हे रस्ते १९२५ ते १९३६ मध्ये कैद्यांकडून बांधून घेतलेत. उतरताना मला हे नुसतं ऐकून माहीत होतं. दोन तासांनी, रस्ता नसलेल्या भागातून चालल्यावर, ती माणसं कशावर घण घालत होती ते कळलं.

तर ती वाट. आम्ही खाऊन एक वाजून पाच मिनिटांनी निघालो. सुरुवातीला झाडीतून बरी आहे आणि मग लाव्हाचं शेत सुरू होतं. सपाट आहे का? हो, चढ नाहीये, त्या अर्थाने सपाट आहे. पण एकही पाऊल सपाट पडत नाही. नांगरलेलं ढेकळांचं शेत डोळ्यासमोर आणा, ती ढेकळं फुटबॉलएवढी आणि काचेसारखी धारदार करा आणि त्यातली निम्मी डुगडुगणारी. प्रत्येक पाऊल बघून टाकायचं. मान वर केली की घोटा वळलाच. आणि ज्या समुद्राच्या नावाने ही वाट घेतली तो बहुतेक वेळ दिसतच नाही, झाडीपलीकडे नुसता आवाज येतो. वारा नाही, सावली तुकड्यातुकड्यात. मध्ये एका ठिकाणी उघड्या लाव्हावर खारफुटी उगवलेली आहे, चिखलाशिवाय, नुसत्या खडकात. कोकणातली तिवरं गुडघाभर चिखलात बघितलेल्या माणसाला हे खोटं वाटेल. एरवी मी तिथे तासभर बसले असते. काल मी एक फोटो काढला आणि पळाले.

पळाले म्हणजे काय, पळता येतच नाही, हेच तर सांगतेय. घसाऱ्यावर घसरत उतरता येतं, चढावर दम खात जाता येतं, पण उशीर झाला म्हणून इथे वेग वाढवायची सोय नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी आम्ही निम्मंही अंतर कापलं नव्हतं. बहिणीचा उजवा घोटा दोनदा वळला. दुसऱ्यांदा ती खाली बसली आणि म्हणाली, "ताई, तू पुढे जा, बोट थांबवायला सांग." मी तिला म्हटलं बोट कोणासाठी थांबत नसते, ऊठ, माझा हात धर. तिचं सामान मी माझ्या सॅकमध्ये घातलं, घोट्याला रुमाल घट्ट बांधला आणि उरलेला एक तास आम्ही एकमेकींशी फक्त "हा हलतोय", "डावीकडून", "थांब" एवढंच बोललो. पाणी अडीच वाजता संपलं.

धक्क्यावर पोचलो तेव्हा तीन वीस झाले होते. दहा मिनिटं. एखादा घोटा अजून जोरात वळला असता तर नव्हतो पोचलो.

आमच्या मागे एक जोडपं होतं, विशीतलं, चपलांमध्ये. त्यांना आम्ही मागे बसलेलं बघितलं होतं आणि वेळ सांगितली होती. बोट सुटली तेव्हा ते दिसले नाहीत. बोटीवरच्या माणसाला मी सांगितलं, त्याने शांतपणे सांगितलं की वॉटर टॅक्सी बोलवतील, असं होतं अधूनमधून. बहीण म्हणाली तिच्या ऑफिसातली एक जण अशीच अडकली होती आणि तिला जाण्यायेण्याच्या तिकिटाच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागले. आकडा मी लिहीत नाही कारण तो मी स्वतः दिलेला नाही, पण तुम्ही धक्क्यावर एकटे आहात आणि समोरच्याला ते माहीत आहे, तिथे घासाघीस होत नाही.

ज्याने प्लॅन दिला त्याला रात्री फोन केला. तो स्वतः त्या वाटेने कधी गेलाच नव्हता. नकाशात उंचीच्या रेषा दिसल्या नाहीत म्हणून सपाट म्हणाला. याचं मला खरंच वाईट वाटलं. डोंगराची माहिती देताना न चाललेली वाट ‘सोपी’ म्हणून सांगू नये, कोणीतरी त्या शब्दावर पाणी कमी नेतं.

तर माझ्या मते असं करा. सकाळची पहिली बोट घ्या. शिखर, मग उतरताना गुहा, आणि त्याच वाटेने परत. धक्क्याजवळ वेळ उरला तर तिथली जुनी सुट्टीची घरं बघा, ‘बाच’ म्हणतात त्यांना, १९२० ते ३० च्या दशकात लोकांनी स्वतः बांधलेली, एकात छोटं संग्रहालय केलंय. पलीकडे जायचीच हौस असेल तर इस्लिंग्टन बेला रस्त्याने जा आणि रस्त्यानेच परत या, ऊन लागेल पण पाय धड राहतील आणि वेळेचा अंदाज येतो. किनाऱ्याची वाट करायचीच असेल तर फक्त तेवढीच करा, शिखर त्या दिवशी सोडा, सकाळीच सुरुवात करा आणि पाटीवर जो वेळ दिसेल त्यात एक तास स्वतःचा घाला. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, जाड तळव्याचे. माझ्या ट्रेकिंगच्या बुटांचा तळवा दोन जागी फाटलाय, आणि ते राजगडाच्या पद्मावतीपासून संजीवनी माचीपर्यंत कितीदा जाऊन आलेले बूट आहेत.

कचऱ्याचा डबा एकही नाही, सालपटासकट सगळं परत आणायचं. कुत्रा नेता येत नाही. पाऊस असेल तर जाऊ नका, ओला लाव्हा मी बघितला नाही आणि बघायचाही नाहीये.

बहिणीचा घोटा सुजलाय पण मोडलेला नाही, आज डॉक्टरांनी बघितलं. ती म्हणतेय दोन महिन्यांनी मुलाला घेऊन पुन्हा जाणार, फक्त शिखर आणि गुहा. माझे हातमोजे आणि हेडटॉर्च मी तिच्याकडेच ठेवून जातेय.