पातं आधी वाजवून पाहायला हवं होतं

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आमचा कारखाना बंद असतो. यंदा तो चालू ठेवला, नागपूरच्या महाल भागातल्या एका काकूंच्या देवघरासाठी.

काकूंचा वाडा पडला, तिथे इमारत झाली आणि वाड्यातलं सागवानी देवघर तेवढं फ्लॅटमध्ये आलं. त्याच्या डाव्या दाराची जाळी वाळवीने खालून पोखरली होती, उजवी शाबूत. उजवीवरून डावी स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक पातं वरखाली चालणाऱ्या यंत्र-करवतीवर, उतरवायची आणि गणपती बसायच्या आत दार जागेवर लावून द्यायचं. वाड्याच्या जुन्या दाराची एक फळी काकूंनी जपून ठेवली होती. "त्यातूनच कर बाबा," म्हणाल्या. फळीत बरोबर एक जाळी बसत होती, १४ इंच बाय ९, सहा सूत म्हणजे पाऊण इंच जाड. चुकलं तर दुसरी निघणार नव्हती.

लाकूड रंध्यावर घेतलं आणि आतून मधासारखा रंग निघाला. आमच्याकडच्या सागाला लाकडाच्या धंद्यात अजूनही सीपी टीक म्हणतात, म्हणजे सेंट्रल प्रोव्हिन्सेसचा साग. प्रांत जाऊन किती वर्षं झाली, नाव गेलं नाही. दिल्लीच्या नव्या संसद भवनाला साग नागपूरहून गेला, अयोध्येच्या मंदिराच्या दारांना बल्लारशाहून. याचा आम्हा लकडगंजवाल्यांना अभिमान आहे आणि तो असावाच. पण हाच साग पात्याचा वैरी आहे. त्याच्या अंगात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच अंश, ती दातांची धार खाते. सहा सूत जाडीत चांगलं पातंही मला वीसेक मिनिटं पुरतं. नंतर ते कापत नाही, घासतं. भुशाचा रंग काळपट होतो आणि जळका वास येतो. वास येण्याआधी पातं उतरवायचं असतं.

स्क्रोल सॉ बघितलेल्यांना वाटतं, यंत्र चालू करायचं आणि रेघेवरून लाकूड फिरवायचं. जाळीचं काम तसं नसतं. या जाळीत ४६ भोकं होती. प्रत्येक भोकासाठी आधी बारीक ड्रिल मारायचं, पातं वरून सोडायचं, त्यातून ओवायचं, पुन्हा आवळायचं, ताणायचं, कापायचं, सोडायचं. हे ४६ वेळा. म्हणूनच आम्ही पिनवाली पाती वापरत नाही. टोकाच्या आडव्या पिनेला भोक मोठं लागतं आणि बारीक नक्षीत तेवढी जागाच नसते. सपाट टोकाचं पाच इंची पातं दीड मिलिमीटरच्या भोकातून जातं.

आता शेजारी सगळीकडे सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं कोरायचं यंत्र, आलंय. तास-दोन तासांत जाळी बाहेर. पण त्याचा बिट, म्हणजे कापणारं टोक, गोल फिरतो, त्यामुळे पाकळीचं आतलं टोक गोलच राहतं. जुन्या कारागिराने जिथे दोन रेघा सुईसारख्या टोकाला आणून मिटवल्यात, तिथे पातंच लागतं. काकूंच्या उजव्या जाळीत मधोमध आठ पाकळ्यांचं कमळ होतं आणि प्रत्येक पाकळीची दोन्ही टोकं अशी मिटलेली. ती बघून मी हे काम घेतलं होतं.

पात्याचं मात्र आपल्याकडे फार वाईट आहे. दुकानात स्क्रोल सॉचं पातं मागा, दहापैकी आठ जण सोनारी पातं काढून देतात. लांबी जवळजवळ तेवढीच, नंबरही तसेच, पण दात धातूसाठी. लाकडात दोन मिनिटांत भुसा दातांत बसतो आणि पातं तापतं. ऑनलाइन घ्यावं तर पाकिटावर रंगीत चित्र असतं, इंचाला किती दात ते लिहिलेलं नसतं. नंबर ५ म्हणजे एका कंपनीत साडेबारा दात, दुसरीत काय, देव जाणे. सहा सूत सागाला मला नंबर ७ लागतं, एक दात सोडून दात असलेलं, म्हणजे भुसा बाहेर यायला वाट राहते, आणि खालचे काही दात उलटे, म्हणजे मागच्या बाजूला कुसं निघत नाहीत. आणि ते दगडावर घासून धार केलेलं हवं, नुसतं दाबून काढलेलं नको. दाबून काढलेल्या पात्याला एका अंगाला कंगोरा राहतो. नख फिरवलं की कळतं. तो कंगोरा चीर आपल्या बाजूला ओढतो, लाकूड थोडं तिरकं धरून ढकलावं लागतं. घासलेली पाती सरळ चालतात आणि टिकतातही जास्त. स्वित्झर्लंडची पेगासची पाती मी मित्राकडून मागवतो. महाग पडतात. मला ती परवडतात, कारण वाया गेलेला साग त्याहून महाग असतो.

त्या दिवशी डब्यात अशी तीन उरली होती. हिशेबाने कामाला कमीच होती, पण संध्याकाळी मित्राकडून आणखी येणार होती, म्हणून सुरुवात केली. लाकडावर पॅकिंग टेप चिकटवली, म्हणजे लाकूड जळत नाही, त्यावर नक्षीचा कागद लावला. पहिलं पातं नवव्या भोकापर्यंत गेलं, दुसरं अठराव्यापर्यंत. तिसरं एकविसाव्यात खट् करून मोडलं. फळीवरून मी चुंबक फिरवला होता, तो कुठेच ओढला नव्हता. दाराच्या जुन्या खिळ्याचं तुटकं टोक आत खोल राहिलेलं होतं.

रस्त्यावर मारबत, म्हणजे पीडा गावाबाहेर न्यायच्या पुतळ्याची मिरवणूक, निघालेली. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" हा गजर कारखान्यात ऐकू येत होता. इतवारीकडे पाय टाकायला जागा नाही, दुकानं बंद. फडताळात दोन महिने आधी घेतलेलं एक पाकीट पडलं होतं, १२ पाती, कधी न उघडलेलं. वर मोठ्या अक्षरांत "प्रीमियम". मी एक काढलं, लावलं, ताण दिला.

माझ्याकडे भंडाऱ्याचा एक पोरगा आहे, १९ वर्षांचा, दीड वर्षापासून शिकतोय. त्याने सवयीने पात्याला बोट मारलं आणि म्हणाला, "भाऊ, हे थुड वाजून राह्यलं. बाकीचे टिंग वाजते."

मी म्हटलं, "आवळतो अजून थोडं." आवळलं. त्याने पुन्हा बोट मारलं आणि काही बोलला नाही. त्याचं ते न बोलणं मला दिसलं होतं. तरी मी यंत्र चालू केलं.

पाच भोकं कापली. वरून रेघ अगदी बरोबर. पाचवं होतं आठव्या पाकळीच्या बुडाशी. फुंकर मारून भुसा उडवला, फळी उलटी केली आणि पोटात गोळा आला. वर पाकळीचा देठ दोन सूत होता, खाली एक सूतही नव्हता. काटकोन तपासायचा गुण्या लावला. चीर वरून खाली तिरकी उतरलेली आणि मध्ये पोट धरलेली. उरलेल्या चारही भोकांत तेच, कमी-जास्त.

पातं उतरवून हातात वाकवलं. चांगलं पातं सोडलं की सरळ होतं, हे वाकलेलंच राहिलं. म्हणजे पोलाद नरम. ताण दिला की ते लांबत होतं आणि एक भोक संपेपर्यंत सैल पडत होतं. सैल पातं लाकडात वाकतं, कंगोरा त्याला एका बाजूला ओढतो. वर मी रेघ पाळत होतो आणि खाली पातं आपल्या वाटेने चाललं होतं. हे सगळं त्या एका "थुड" मध्ये होतं. मी पंचवीस वर्षं हे काम करतोय. पात्याचा सूर ऐकायला त्या पोराला मीच शिकवलंय.

त्यानंतर हात लावला नाही. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मित्राने सहा पाती आणून दिली. या वेळी उरलेल्या सागाच्या तुकड्यावर आधी चार इंच कापून, गुण्या लावून, मगच फळी घेतली. रात्री दीडला शेवटचं भोक झालं. आठव्या पाकळीच्या देठाला मागून त्याच फळीची पातळ पट्टी चिकटवली, नस नसेला जुळवून.

दुसऱ्या दिवशी दार बसवलं. काकूंनी समोरून हात फिरवला, दोन्ही जाळ्यांवर, आधी उजवी मग डावी. "तशीच झाली," म्हणाल्या आणि डोळे पुसले. मी दार उघडून मागची पट्टी दाखवली आणि काय झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मागून कोण पाहते रे?" मी पैसे कमी लावले, त्यांनी पूर्ण दिले. घेऊ नये असं वाटत होतं, पण त्यांच्या हातातून परत ढकलणंही बरं दिसलं नाही.

मनातून जात नाही ते वेगळंच. खिळ्याने तिसरं पातं खाल्लं तेव्हाच थांबायला हवं होतं का? मित्राची पाती संध्याकाळी येणारच होती, गणपतीला तीन दिवस होते. पाच तास थांबलो असतो तर काही बिघडणार नव्हतं. घाई काकूंची नव्हती, माझी होती. आणि पोराने एकदा सांगून गप्प बसायला नको होतं, की मी त्याला तसं गप्प बसायची सवय लावली, हेही मला ठरवता येत नाही.

मागच्या आठवड्यात नवं पाकीट आलं. ते मी आधी त्याच्याच हातात दिलं. बारा पाती एकेक करून लावली, ताणली, बोट मारलं. दोन बाजूला काढली. ती दोन मी स्वतः सागाच्या तुकड्यावर चालवून पाहिली. एक तिरकं गेलं. दुसऱ्याने सरळ कापलं, गुण्याला केसभरही फट नाही. मी त्याला विचारलं, याच्यात तुला काय वेगळं ऐकू आलं? तो बराच वेळ पात्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सांगता नाही येत भाऊ. पण मी ते देवघराले नसतं लावलं."