घरपट्टीवर वारसांची नावं लावली: आचारसंहितेत अडकलेल्या फाईलचा माझा अनुभव

"आचारसंहिता चालू आहे, नंतर या." नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हे वाक्य मी एकाच खिडकीवर पुन्हा पुन्हा ऐकलं आणि आजही आठवलं की डोकं गरम होतं, म्हणून सगळं लिहून ठेवतोय. गावाचं नाव टाकत नाही, जळगाव जिल्ह्यातली छोटी नगरपालिका आहे एवढं पुरे.

आबा, म्हणजे माझे वडील, जूनमध्ये गेले. घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, दर पावसाळ्याच्या आधी वर खारी माती टाकायची तरी दोन ठिकाणी गळतंच. यंदा ठरवलं की घरकुलचा फॉर्म भरायचा, प्रधानमंत्री आवास शहरी 2.0 मध्ये स्वतःच्या जागेवर बांधायला अडीच लाख मिळतात. पण फॉर्मला घरपट्टीचा उतारा लागतो, जागेचे कागद लागतात, आणि सगळं आबांच्या नावावर. म्हणून आधी वारस नोंद.

मृत्यूचा दाखला, सगळ्यांचे आधार, वारसांचं प्रतिज्ञापत्र हे सगळं दिवाळीत जमवलं कारण तेव्हाच सगळे घरी असतात. भाऊ सुरतला लूमवर कामाला आहे, त्याला परत बोलवायचं म्हणजे दोन दिवसांची हजेरी बुडते, म्हणून त्याच्या सह्या ताप्ती लाईनच्या गाडीत बसायच्या आधीच घेतल्या. तुमच्याकडेही कोणी बाहेरगावी असेल तर आधी त्याचं काम उरका, बाकीचे काय घरचेच. दोघी बहिणींची नावं पण टाकली. दोन-तीन लोकांनी सांगितलं की बहिणींची कशाला टाकतो, पुढे कटकट होते. मला ते पटलं नाही. हिंदू वारसा कायद्यात बायको, मुलगे, मुली सगळ्यांचा वाटा सारखाच आहे, आणि आबांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात रात्री माझ्या बहिणींनीच काढल्या. कोणाचंच नाव गाळलं नाही म्हणून हक्कसोडपत्राचा विषयच आला नाही आणि घरात वाद नसल्यामुळे कोर्टाचा वारस दाखलाही कोणी मागितला नाही.

27 ऑक्टोबरला अर्ज दिला. थकबाकी आधीच भरून टाकली होती, ते फार महत्त्वाचं आहे, कारण थकलेल्या घरपट्टीवर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते आणि बाकी असली की फाईल पुढे सरकतच नाही. आवक-जावकच्या टेबलावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि नंबर घेतला. हे मी आबांकडून शिकलो, ते कुठलाही कागद शिक्क्याशिवाय देत नसत.

कार्यालयात शिरताना डाव्या हाताला लोकसेवा हक्काचा मोठा फलक आहे. सेवा कोणती, दिवस किती, अधिकारी कोण, अपील कोणाकडे, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. वारसा हक्काने नोंद, 15 दिवस. मी मोबाईलवर फोटो काढून घेतला. तो फोटो पुढे फार कामी आला, तुम्हीही पहिल्याच दिवशी काढा.

4 नोव्हेंबर 2025 ला राज्यातल्या 246 नगरपरिषदा आणि 42 नगरपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या आणि आचारसंहिता लागली. त्याआधी जवळजवळ चार वर्षं आमच्याकडे प्रशासक होता, म्हणजे गटार तुंबली काय, लाईट गेला काय, सांगायला वॉर्डात हक्काचा माणूसच नाही. त्यामुळे निवडणूक लागल्याचा मला खरंच आनंद झाला होता.

12 नोव्हेंबरला, पंधरा दिवस उलटल्यावर, मी खिडकीवर गेलो. तिथले क्लार्क भाऊ म्हणाले, आचारसंहिता आहे, आता काही होत नाही. मी म्हटलं, हे तर घरगुती काम आहे, ह्याचा निवडणुकीशी काय संबंध? तर म्हणे, "इलेक्शन व्हई जाऊ द्या, मंग दखू." आठवड्याने परत गेलो, तेच. 25 तारखेला गेलो तर खुर्चीवर कोणीच नाही, ट्रेनिंगला गेले म्हणे, दोन तास बाकड्यावर बसलो, शेजारी एक म्हातारी होती, ती जन्माच्या दाखल्यातलं नाव दुरुस्त करायला तिसऱ्यांदा आली होती आणि तिलाही तेच सांगितलेलं. कापूस वेचणी सोडून आली होती बिचारी. ते ऐकून मला स्वतःच्या कामापेक्षा जास्त राग आला, कारण तिचा तर दिवसाचा रोज बुडत होता.

सगळ्यात वाईट काय, तर तारीख दर वेळी पुढे जायची. आधी सांगितलं 3 डिसेंबरला निकाल लागला की लगेच करतो. मतदान 2 तारखेला झालं आणि त्याच दिवशी हायकोर्टाने मतमोजणी 21 डिसेंबरवर नेली. मी 3 तारखेला गेलो तर खिडकीवरून उत्तर तयार, "आता 21 नंतर या, नाहीतर नवीन बॉडी बसू द्या." नवीन बॉडी! अहो, घरपट्टीच्या रजिस्टरला मेलेल्या माणसाच्या जागी त्याच्या बायको-पोरांची नावं लावायला नगरसेवकांची सभा लागते का? घरी आलो तर मायने विचारलं, "कागदनं काय व्हयनं रे भाऊ?" आणि मला तिच्याकडे बघवलं नाही. ती रोज विचारायची.

त्या रात्री झोप लागली नाही. विचार केला, आचारसंहिता म्हणजे काय असते? नवीन कामांच्या घोषणा करायच्या नाहीत, भूमिपूजन करायचं नाही, मतदाराला भुरळ पडेल असं काही वाटायचं नाही. रोजचे दाखले, उतारे, नोंदी ह्या बंद ठेवा असं ती सांगत नाही. मग हे मी त्यांना तोंडी का सांगत बसलोय? तोंडी विचारलं की तोंडी उत्तर मिळतं, आणि तोंडी उत्तराला कोणीच बांधील नसतं.

4 डिसेंबरला दोन कागद घेऊन गेलो. एक माहिती अधिकाराचा अर्ज, त्याला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, आणि त्यात एकच प्रश्न: आचारसंहितेच्या काळात वारस नोंद करू नये असा जो आदेश आपल्या कार्यालयाकडे आला असेल त्याची प्रत द्यावी. दुसरा कागद लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खालचं पहिलं अपील, मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, सोबत शिक्क्याची प्रत आणि फलकाचा फोटो. अपील तीस दिवसांच्या आत करायचं असतं, म्हणून "नंतर या" वर विश्वास ठेवून महिना घालवू नका. सेवा नाकारायची असेल तर कारण लेखी द्यावं लागतं आणि विनाकारण उशीर केला तर 500 ते 5000 रुपये दंड आहे, हेही मी अर्जात साध्या भाषेत लिहिलं. आवाज चढवला नाही. खिडकीवरच्या भाऊंनी दोन्ही कागद वाचले, परत वाचले, आणि म्हणाले "बठा ना भाऊ, उभे काबर?" आणि कपाटातून माझी फाईल काढली.

फाईल उघडल्यावर खरी अडचण तेव्हा कळली. आबांचं पाळण्यातलं नाव वेगळं, शाळेतलं वेगळं. रजिस्टरला फार जुन्या आकारणीपासून पाळण्यातलं नाव चालत आलेलं आणि मृत्यूच्या दाखल्यावर शाळेतलं. ही दोन्ही नावं एकाच इसमाची आहेत असं एक प्रतिज्ञापत्र पाहिजे होतं. फाईलवर पेन्सिलने तसा शेरा मारलेला होता, तारीख 30 ऑक्टोबर! म्हणजे आचारसंहिता लागायच्या आधी त्यांना माहीत होतं काय कमी आहे, आणि मला 35 दिवस ते सांगितलंच नाही. अर्ध्या दिवसाचं काम होतं ते. मी दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या आत करून दिलं, मायची सही घेतली, ओळखीला शेजारचे नाना आले, भावाला सुरतहून बोलवायचीही गरज पडली नाही.

16 डिसेंबरला उतारा हातात आला. मायचं, आम्हा दोघा भावांचं, दोघी बहिणींचं, पाचही नावं. मतमोजणी व्हायची होती, आचारसंहिता चालूच होती आणि तरी नोंद झाली. मायला वाचता येत नाही, तिने उताऱ्यावर तिच्या नावावर बोट ठेवायला सांगितलं मला, आणि बराच वेळ तो कागद हातात धरून बसली.

एक राहिलं. घरपट्टीचा उतारा म्हणजे मालकीचा कागद नाही, तो कर कोणाकडून घ्यायचा ह्याची नोंद आहे. जागा सिटी सर्व्हेत असेल तर मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डवर, वारस वेगळे लावावे लागतात, ते भूमि अभिलेखच्या ऑफिसला, तालुक्याच्या गावी. माझ्या मावसभावाने नगरपालिकेचा उतारा झाला म्हणून ते सोडून दिलं आणि कर्ज काढायच्या वेळी अडकला. आणि दोन नावांचा घोळ आमच्या भागात घरोघरी आहे, त्यामुळे अर्ज द्यायच्या आधीच जुना उतारा काढून मृत्यूच्या दाखल्याशी एकेक अक्षर जुळवून बघा. त्या म्हातारीला मी माझ्या अर्जाची झेरॉक्स दिली आहे, तिचा नातू बारावीला आहे, तो तसाच लिहून देणार आहे.

नळाच्या रजिस्टरला अजून आबांचंच नाव आहे, पाणीपट्टीचा विभाग वेगळा. त्याचा अर्ज सोमवारी देतोय.