त्या भुताचे नियम सांगितले कोणी?

'इट फॉलोज' हा भयपट संपला तेव्हा पाऊण वाजला होता आणि पुढच्या दोन दिवसांत आमच्या तीन माणसांत चार मतं झाली. दोन एकट्या माझीच होती.

भाची सुट्टीसाठी आलीय. वय एकोणीस, भयपटांचा अभ्यास दांडगा. "मावशी, हा बघू. कळत काही नाही, पण झोप उडते," असं तिनेच सांगितलं होतं. नवरा विजेच्या कामातला. त्याला भुतापेक्षा उघड्या वायरची भीती जास्त. तरीही तो बसला, कारण झोपायच्या खोलीतही आवाज येणारच होता. (पुढे सगळं फोडलेलं आहे. बघायचा असेल तर आधी बघून या.)

डेव्हिड रॉबर्ट मिचेलचा हा २०१४ सालचा सिनेमा डेट्रॉइट आणि आसपासच्या उपनगरांत घडतो. जे नावाची मुलगी एका मुलासोबत रात्र घालवते. तो तिला क्लोरोफॉर्म हुंगवतो, चाकाच्या खुर्चीला बांधतो आणि एका पडक्या इमारतीत नेऊन सांगतो की आता 'ते' तुझ्या मागे लागेल. ते कुणाचंही रूप घेतं, ओळखीच्याचं किंवा परक्याचं. पळत नाही, चालत येतं, पण सरळ तुझ्याकडेच. दुसऱ्या कुणाशी शरीरसंबंध आला की ते त्याच्या मागे लागतं. त्याने त्या माणसाला संपवलं की परत उलटं फिरतं, आधी तुझ्याकडे, मग माझ्याकडे. मुलांच्या खेळात राज्य देतात ना, तसं. फक्त आउट झालेला खेळाडू मरतो.

इथपर्यंत कुणाचीच तक्रार नव्हती. तक्रारी सुरू झाल्या पोहण्याच्या तलावापाशी.

जे आणि तिची मित्रमंडळी ठरवतात की 'त्या'ला पाण्यात ओढायचं आणि विजेचा शॉक द्यायचा. काठावर टेबललॅम्प, टीव्ही, मिळेल ते प्लगला लावून मांडून ठेवतात आणि जे स्वतःच आमिष बनून पाण्यात उतरते. 'ते' येतं, पाण्यात उतरतच नाही, उलट तीच उपकरणं उचलून तिच्या अंगावर फेकायला लागतं.

"अरे, फेकल्यावर प्लग सुटणार नाही का?" नवरा उठून बसला. "आणि ही आधी बाहेर निघाली नाही तर भुताच्या आधी हीच जाईल." मग स्वतःचंच म्हणणं खोडत त्याने पाच मिनिटं समजावलं की एवढ्या मोठ्या तलावात एक दिवा पडला म्हणून सगळं पाणी मारक होत नाही. त्यामुळे ती मुलगी वाचते हे पटण्यासारखं आहे, अख्ख्या सिनेमात तेवढी एकच गोष्ट शास्त्राला धरून. भाची हसून हसून सोफ्यावरून खाली घसरली.

गंमत म्हणजे मिचेलने स्वतःच त्या बेताला मूर्खपणाचा म्हटलेलं आहे. घाबरलेल्या पोरांना दुसरं काय सुचणार, असा त्याचा सूर. शिवाय हे दुःस्वप्न आहे, त्याला उत्तर नसतं, असंही तो म्हणतो. लहानपणी कुणीतरी आपल्या मागे चालत येतंय अशी स्वप्नं त्याला पडायची, त्यातूनच ही कल्पना आली.

हे ऐकून नवऱ्याचं एकच वाक्य: "स्वप्न म्हटलं की काहीही खपवायचं का?"

तो एकटा नाही. दिग्दर्शक क्वेंटिन टॅरँटिनोने २०१५ साली एका मुलाखतीत साधारण हीच तक्रार केली होती. इतकी उत्तम कल्पना भयपटात फार दिवसांनी पाहिली, पण सिनेमा स्वतःचेच नियम मोडतो, असं त्याचं म्हणणं. ते सांगितल्यावर नवरा दोन दिवस फार खुशीत होता.

नियम मोडल्याच्या खुणा आहेतही. घरातून गाडी काढून पोरं निघतात तेव्हा छपरावर एक म्हातारा नागवा उभा दिसतो. ते चालत सरळ येतं ना? मग छपरावर काय करतंय? कोणता काळ आहे तेही कळत नाही. टीव्ही जुनाट, त्यावर कृष्णधवल सिनेमे, आणि यारा नावाची मैत्रीण शिंपल्याच्या आकाराच्या कुठल्याशा यंत्रावर दोस्तोयेव्हस्की वाचतेय. तसलं यंत्र बाजारात कधी आलंच नाही. भाचीला हे सगळं जाम आवडतं. तिच्या मते ते मुद्दामच आहे, तारीख सांगता आली की आपण सुटतो. पण त्याच दमात ती "हे सगळं लैंगिक आजाराचं रूपक आहे" म्हणाली तेव्हा मी कंटाळले. एक अर्थ सापडला की लोक पुढचं बघायचंच सोडून देतात.

पहिल्या रात्री मी नवऱ्याच्या बाजूने होते. ते माझं पहिलं मत.

दुसरं मत दोन दिवसांनी झालं, एकटीने हेडफोन लावून परत पाहिला तेव्हा. (संगीतकार डिझास्टरपीसचं यातलं संगीत हेडफोनवर ऐकू नका. किंवा तसंच ऐका.) त्या खुर्चीच्या प्रसंगात मी भुताकडे न बघता बोलणाऱ्या मुलाकडे बघत होते. आपल्याला जे काही नियम माहीत आहेत ते सगळे याच्या तोंडून आलेले. तो कोण? खोटं नाव सांगून जेशी फिरलेला, तिला बेशुद्ध करून बांधलेला, भेदरलेला पोरगा. त्याला हे कुणाकडून मिळालं? बारमध्ये भेटलेल्या एका मुलीकडून, बहुतेक. तिचं नावसुद्धा त्याला माहीत नाही. मग "ते आधी तुला, मग मला" हे त्याला सांगितलं कुणी? तो अंदाज करतोय. आणि आपण शंभर मिनिटं त्याच्या अंदाजाला कायदा समजून भुतावर खटला भरत बसतो.

हे नवऱ्याला सांगितलं. तो थोडा विचारात पडला, मग म्हणाला, "अगं, पण मग दिग्दर्शकाने ते दाखवायला नको?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. कुणीतरी एकदा "तुला कसं माहीत?" एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं. तेवढी खोट मी मान्य करते.

पण एक गोष्ट मी त्याला मागे नेऊन दाखवली. त्या मुलाचा माग काढत जे आणि तिचा शेजारी ग्रेग शाळेच्या ऑफिसात जातात. कॅमेरा जागच्या जागी सावकाश गोल फिरतो. कॉरिडॉर, ऑफिसात बोलणारे दोघं, मग खिडकी. खिडकीबाहेर लांबवर एक मुलगी चालतेय. कॅमेरा आणखी फिरतो, परत कॉरिडॉर, परत ऑफिस, आणि पुन्हा खिडकीशी येतो तेव्हा तीच मुलगी जवळ आलेली असते. सरळ इकडेच. कुणी काही बोलत नाही, संगीत दचकवत नाही, आतल्या दोघांचं लक्षही नाही. ती मुलगी म्हणजेच 'ते' का? सिनेमा सांगत नाही.

"परत लाव," नवरा म्हणाला. तीनदा लावलं.

शेवटाबद्दल मात्र घरात अजून समेट नाही. जे आणि तिचा लहानपणापासूनचा मित्र पॉल हातात हात घालून रस्त्याने चाललेत, मागे लांबवर कुणीतरी येतंय, धूसर. भाचीच्या मते तेच आहे. मला वाटतं, कुणी शेजारी असेल, पण आता या दोघांना आयुष्यभर प्रत्येक शेजारी तसाच दिसणार. नवऱ्याने ठामपणे सांगितलं की त्याला त्यात काडीचा रस नाही.

काल रात्री पाणी प्यायला उठले तर हॉलमध्ये उजेड दिसला. टीव्हीचा आवाज बंद, शेवटचं दृश्य थांबवलेलं, आणि हा पडद्याला नाक लावून उभा.

"चाल बघतोय," म्हणाला. "झोप तू."