हलगीच्या डाव्या हातासाठी पॅरलल कॉम्प्रेशन

हलगी (डफासारखं कातड्याचं वाद्य), घुमकं (खर्जातलं चर्मवाद्य) आणि कैताळ (झांज) या तिघांचं मिक्स, म्हणजे वेगवेगळ्या ट्रॅकचं एकत्रीकरण, आता दुसऱ्याला ऐकवावं इतपत आलंय, म्हणून इथवरची नोंद टाकतोय. रेकॉर्डिंग कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका तालमीत केलं, पत्र्याच्या छपराखाली. हलगीला एक माईक, घुमक्याला एक, कैताळाला एक आणि खोलीच्या आवाजासाठी लांब लावलेली एक जोडी. मिक्सिंग रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चाललंय आणि कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून खाली आणणारं साधन) त्याच्यासोबतच मिळणारा रीकॉम्प. या कामाला त्याहून महागडं काही लागत नाही, हे आता खात्रीनं सांगतो.

हलगी काय असते हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. खासबागच्या कुस्ती मैदानात पैलवानांची जोड भिडली की हलगी चढायला लागते आणि अंगावर काटा येतो. पण तो काटा एकट्या उजव्या हाताच्या टिपरूनं (जाड काठीनं) येत नाही. डाव्या हाताच्या चिमटीतली बारीक काडी दोन ठोक्यांच्या मधली जागा तडतडत भरत असते आणि सगळी चाल त्या भरण्यात असते. समोर उभं राहून ऐकताना कान ती आपोआप वेचतो. रेकॉर्डिंगमध्ये मात्र टिपरूचा ठोका उणे ६ डीबीवर (डेसिबल; शून्याच्या जितकं खाली तितका आवाज हलका) आणि काडी उणे ३० च्या आसपास. फोनवर ऐकलं तर काडी जवळजवळ नाहीच.

नुसता कॉम्प्रेसर हलगीच्या ट्रॅकवर टाकला तर तो वरून दाबतो. ठोका खाली येतो, मग सगळंच वर उचलायचं. काडी ऐकू येते, पण टिपरूचा तो कडाका बोथट होतो, आणि कडाका गेलेली हलगी मला तरी हलगी वाटत नाही. पॅरलल कॉम्प्रेशनमध्ये मूळ ट्रॅकला हात लावायचा नाही. त्याची एक प्रत दुसऱ्या ट्रॅकवर पाठवायची, ती सणसणीत दाबायची आणि मूळ आवाजाच्या खाली मिसळायची. वरचं खाली न आणता खालचं वर येतं.

हे कसं घडतं ते आकड्यांत मांडून बघितलं तेव्हा मला नीट उमगलं. थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर दाबायला सुरुवात होते ती) उणे ३०, रेशो (वरचा भाग किती पटीनं दाबायचा ते) १०:१. उणे ६ चा ठोका थ्रेशोल्डच्या २४ डीबी वर आहे, तो दाबल्यावर फक्त २.४ डीबी वर उरतो, म्हणजे उणे २७.६. काडीचा उणे ३० चा आवाज थ्रेशोल्डवरच असल्यानं तसाच राहतो. आता ही दाबलेली प्रत ४ डीबी कमी करून मूळ आवाजात मिसळा. काडी सव्वाचार डीबीच्या आसपास वर येते, आणि ठोका अर्धा डीबीसुद्धा वाढत नाही, कारण त्या क्षणी दाबलेली प्रत मूळ ठोक्यापुढं पंचवीसेक डीबी खाली असते. मूळ कडाका जागच्या जागी आणि काडी पुढं. इतकी साधी बेरीज आहे.

अर्थात ही बेरीज जमते ती कॉम्प्रेसर ठोक्याला वेळेवर पकडत असेल तरच. अटॅकबद्दल, म्हणजे ठोका आल्यावर कॉम्प्रेसर किती वेळात दाबतो त्याबद्दल, इंटरनेटवर दोन उलट सल्ले मिळतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. ड्रम्ससाठी बरेच जण दाबलेल्या प्रतीचा अटॅक मुद्दाम संथ ठेवतात, म्हणजे तिच्यातूनही ठोक्याचं टोक निसटतं आणि एकूण मार जास्त जोरकस लागतो. न्यूयॉर्क कॉम्प्रेशन म्हणून जे ओळखलं जातं त्याचा रोख बहुतेक वेळा तिकडंच असतो. हलगीला टोकाची ददात नाही. म्हणून इथं अटॅक जितका जलद तितका बरा. मी अर्ध्या मिलिसेकंदावर ठेवलाय. रीकॉम्पमध्ये आरएमएस साइझचा स्लायडर आपणहून ५ मिलिसेकंदांवर असतो, तो शून्यावर आणा. नाहीतर कॉम्प्रेसर आवाजाची सरासरी काढत बसतो आणि ठोक्याचं टोक तेवढ्यात निघून जातं.

सगळ्यात जास्त वेळ रिलीजनं (दाब सुटायला लागणाऱ्या वेळेनं) घेतला, आणि तो वेळ सत्कारणी लागला. ठोक्यानंतर कॉम्प्रेसरनं हात सोडला नाही तर मागून येणारी काडीही त्याच दाबाखाली सापडते, आणि जिच्यासाठी हा खटाटोप तीच वर येत नाही. आमची लय मिनिटाला १४० मात्रांच्या आसपास आहे. एक मात्रा साधारण ४२९ मिलिसेकंद, तिचा चौथा भाग १०७. सुरुवात १०७ वर केली, तर कॉम्प्रेसर किती दाबतोय ते दाखवणारी मीटरची पट्टी पुढचा ठोका येईपर्यंत पुरती मोकळी होतच नव्हती. बहुतेक कॉम्प्रेसरमध्ये रिलीजचा आकडा म्हणजे पूर्ण सुटण्याचा वेळ नसतो, त्या वेळात तो बराचसा सुटतो एवढंच. हळूहळू ६० वर आलो आणि काडी एकेक करून सुटी ऐकू यायला लागली. इथं डोळे मीटरवर ठेवावेत. ठोक्याला वीसेक डीबीनं पट्टी खाली आणि काडी येण्याआधी परत शून्यावर, अशी ती नाचली पाहिजे.

तीच सेटिंग घुमक्याला चालत नाही. आमच्या घुमक्याचा मूळ स्वर ८० हर्ट्झच्या जवळ आहे, म्हणजे एक आंदोलन साडेबारा मिलिसेकंदांचं. रिलीज त्याच्या आसपास गेला की कॉम्प्रेसर ठोक्याची चढउतार सोडून प्रत्येक आंदोलनाच्या मागं धावतो आणि आवाज फाटतो. फोनच्या छोट्या स्पीकरवर हा फाटका आवाज थोडा उपयोगी पडतो, कारण त्यातून वरचे स्वर तयार होतात आणि घुमकं आहे हे तरी कळतं. पण मला तालमीतला भरीव नाद हवा होता, म्हणून घुमक्याला वेगळी प्रत, अटॅक १० आणि रिलीज २००. दोघांना एकाच पॅरलल बसवर (दोघांचा आवाज एकत्र दाबणाऱ्या ट्रॅकवर) टाकलं तर घुमक्याच्या प्रत्येक ठोक्याला हलगीची काडीही दबते, तेव्हा ते टाळाच.

फेजचं, म्हणजे दोन आवाजांच्या लहरी एकमेकींशी जुळण्याचं, एक सांगितलंच पाहिजे. मूळ आवाज आणि प्रत यांत १ मिलिसेकंदाचा फरक पडला, तर ५०० हर्ट्झला पहिला खड्डा पडतो (तिथं दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात), मग १५००, २५०० असे पडतच जातात. हलगी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. रीपर प्लगिनचा उशीर स्वतः भरून काढतो, तरी मी तपासतो: प्रतीचा रेशो १:१ करायचा, फेडर (ट्रॅकची पातळी ठरवणारी पट्टी) मूळ ट्रॅकच्या बरोबरीला आणायचा आणि फेज उलटी करायची. पूर्ण शांतता झाली तर सगळं जुळलेलं आहे. याच कारणानं घुमक्याच्या प्रतीवर लो-कट ईक्यू (खर्ज कापणारी गाळणी) लावत नाही, साधा ईक्यूही कटच्या आसपास फेज सरकवतो. खर्जामुळं कॉम्प्रेसर उगाच दबत असेल तर रीकॉम्पमधला हायपास वापरा. तो फक्त कॉम्प्रेसरच्या कानाला गाळलेला आवाज देतो, बाहेर येणाऱ्या आवाजाला हात लावत नाही.

आणि तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करूनच ऐका. प्रत मिसळली की एकूण आवाज वाढतो, आणि वाढलेला आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. मी दोन्ही रूपांचा एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या मोठेपणाचं माप) मोजून एका पातळीवर आणतो आणि मगच फेडरचा निर्णय घेतो. असं केल्यावर प्रतीचा फेडर जवळपास दर वेळी थोडा खालीच आला.

युक्ती तशी जुनीच. १९६० च्या दशकातल्या डॉल्बी ए या नॉइज रिडक्शनमध्येही (टेपची खरखर कमी करणाऱ्या पद्धतीत) मूळ आवाज न छेडता हलक्या आवाजाची वेगळी वाट काढून ती मुळात मिसळलेली आहे. त्याच दशकात डेट्रॉईटच्या मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीत गायकाच्या मूळ आवाजाखाली दाबलेली, वरचे स्वर वाढवलेली दुसरी प्रत मिसळत. पोवाड्याच्या गायनावर हे करून बघायचं मनात आहे. शाहीर कुजबुजीवरून थेट ललकारीवर जातो, तिथं याला पुष्कळ वाव आहे.

हलगी वाजवणाऱ्या मामांना हेडफोनवर दोन्ही रूपं ऐकवली, कुठलं कोणतं हे न सांगता. दुसरं चालू झालं तसं ते मान डोलवायला लागले आणि म्हणाले, "आता डाव्या हाताचं काम दिसाय लागलं बघ पोरा." मग त्यांनीच दाखवून दिलं की रेकॉर्डिंगच्या शेवटाकडं काडी मंद पडलीय. हलगी शेकून बराच वेळ झाला होता, पावसाळी हवेत कातडं सैल पडलं होतं. ते बरोबर होतं. प्रत कितीही दाबली तरी सैल कातड्यातून काडीचा तडतडाट निघत नाही, तो भाग पुन्हा शेकून वाजवून घ्यायचा ठरलंय.

बाकी राहिलेलं थोडक्यात. कैताळाला पॅरलल अजिबात मानवत नाही, त्याची शेपूट वर येते आणि सगळ्यावर पसरते, तेव्हा तो जसाच्या तसा. खोलीच्या जोडीला मात्र झकास लागू पडतं, पत्र्याचा परतीचा आवाज भरून येतो. फक्त हलक्या आवाजाबरोबर बाहेरच्या रिक्षांचे हॉर्नही वर येतात, म्हणून तिथं प्रतीचा फेडर मूळ आवाजाच्या १२ डीबी खाली. रस्त्यावरचा आवाज असलेल्या रेकॉर्डिंगमध्ये कुणी प्रतीच्या आधी गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन) लावून बघितलाय का? काडी न कापता ते जमत असेल तर थ्रेशोल्ड आणि होल्ड (गेट किती वेळ उघडा राहतो ते) किती ठेवलात ते कळवा.