तुम्ही विचारलंत म्हणून : त्या जादा चित्रफितींत पाहायचे काय असते?

लग्नकार्यात पंगतीत शेजारी बसलेले गृहस्थ असोत, दांडिया बाजारातल्या गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना भेटलेला जुना विद्यार्थी असो, एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. बडोद्यातल्या मराठी वाचकांसाठी मी बरीच वर्षे चित्रपटांच्या डीव्हीडी आणि ब्लू-रे डिस्कची परीक्षणे लिहीत आलो आहे, आणि त्यांत सुपरहिरो चित्रपटांचा भरणा मोठा असतो. ‘सर, चित्रपट तर आता फोनवरही दिसतो. तुम्ही डिस्क विकत घेता, तिच्यावरचे ते मेकिंग आणि कॉमेंटरी तासन्‌तास पाहता आणि त्यावर दोन-दोन पाने लिहिता. त्यात परीक्षण करण्यासारखे असते तरी काय?’ विचारणाऱ्याच्या बोलण्यात चेष्टा नसते, खरेखुरे कुतूहल असते, म्हणून एकदा सविस्तर उत्तर देतो.

सुपरहिरो चित्रपट एका अशक्य गोष्टीवर उभा असतो. माणूस उडतो, भिंत चढतो, धावती आगगाडी अंगावर झेलतो. ती अशक्य गोष्ट खरी वाटावी म्हणून शेदोनशे माणसे महिनोन्‌महिने धडपडलेली असतात, आणि ही धडपड मूळ चित्रपटात दिसत नाही, दिसूही नये. ती दिसण्याची हक्काची जागा म्हणजे डिस्कवरचे हे जादा साहित्य : चित्रपट कसा घडला हे दाखवणारे मेकिंग, आणि चित्रपट चालू असताना तो करणाऱ्यांनी त्यावर केलेले बोलणे, म्हणजे कॉमेंटरी. मी अनेक वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवले. प्रयोगवहीत नुसते बरोबर उत्तर लिहिणाऱ्या मुलापेक्षा चुकलेले वाचन खोडून त्याच्याशेजारी पुन्हा घेतलेले वाचन लिहिणाऱ्या मुलाचा प्रयोग मला अधिक कळत असे. डिस्कच्या बाबतीतही मी तेच शोधतो. फसलेला प्रयत्न दाखवला आहे का, आणि तो का फसला हे सांगितले आहे का, यावर माझे अर्धेअधिक मत ठरते.

या कसोटीवर मी सर्वांत वर ठेवतो ती रिचर्ड डॉनर यांनी दिग्दर्शित केलेल्या, १९७८ साली प्रदर्शित झालेल्या ‘सुपरमॅन’ची २००६ मधली चार डिस्कची आवृत्ती. चित्रपटाच्या जाहिरातीतच प्रेक्षकाला माणूस उडतो हे पटेल असे वचन दिलेले होते, आणि चित्रीकरण सुरू व्हायची वेळ आली तरी ते वचन पाळायचे कसे हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हते. डिस्कवरचे माहितीपट हे काही लपवत नाहीत. पुतळा यंत्राने हवेत भिरकावून पाहिला, तो पुतळ्यासारखाच पडला. माणसाच्या आकाराचे, रेडिओने चालवायचे छोटे विमान उडवून पाहिले, तेही विमानच वाटले. निळ्या पडद्यापुढे नट टांगावा तर नायकाचा पोशाखच निळा. निळा रंग काढून टाकून मागचे दृश्य जोडायच्या त्या पद्धतीत नायकही पडद्याबरोबर पुसला जाण्याची भीती. शेवटी झोरान पेरिसिच यांनी बसवलेल्या युक्तीने कोंडी फुटली, आणि या चित्रपटाच्या दृश्य-करामतींना ऑस्करचा विशेष पुरस्कार मिळाला.

ती युक्ती मला माझ्या आईमुळे नीट कळली, म्हणजे तिला समजावून सांगताना कळली. आई ऐंशीच्या घरातली. तिला इंग्रजी येत नाही, आणि या आवृत्तीवरच्या माहितीपटांना ना हिंदी आवाज आहे, ना मराठी उपशीर्षके. डिस्क थांबवून थांबवून मी सांगत होतो. नटाच्या मागे जो पडदा असतो त्याच्यावर काचेचे अतिशय बारीक मणी बसवलेले असतात, आणि ते मणी प्रकाश जिकडून आला तिकडेच सरळ परत पाठवतात. रात्री स्कूटरचा दिवा पडला की रस्त्यावरचा फलक आपल्याच डोळ्यांत झगझगतो, तसे. आकाशाचे चित्र टाकणारा प्रोजेक्टर आणि ते टिपणारा कॅमेरा, मध्ये तिरपी अर्धपारदर्शक काच ठेवून, एकाच रेषेत आणलेले असतात. त्यामुळे नटाची सावली नटाच्याच पाठीमागे लपते, आणि त्याच्या अंगावर पडलेले आकाशाचे चित्र इतके फिके असते की कॅमेऱ्याला ते दिसत नाही. इथपर्यंतची पद्धत आधीपासून माहीत होती. पेरिसिच यांनी तिच्यात भर घातली ती अशी, की प्रोजेक्टर आणि कॅमेरा दोघांनाही झूम भिंगे लावली आणि ती एकमेकांना बांधून एकाच वेळी फिरवली. पडद्यावरचे आकाश लहान होते तेव्हा कॅमेरा तेवढाच जवळ पाहतो, म्हणून कॅमेऱ्यापुरते आकाश आहे तसेच राहते. मोठा होतो तो फक्त मध्ये टांगलेला नट.

आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘अरे, म्हणजे तो तिथल्या तिथेच आहे. आपणच त्याच्याजवळ जातोय.’ इतक्या मोजक्या शब्दांत मी वर्गात ते कधी सांगू शकलो नसतो. मग पुढे सुपरमॅन जिथे जन्मला त्या क्रिप्टन ग्रहावरच्या माणसांचे झळाळणारे कपडे आले आणि ते याच पडद्याच्या कापडाचे शिवले होते असे मी सांगितले, तेव्हा तिने ते दृश्य पुन्हा लावायला लावले. तिने उमेदीची वर्षे शिवणकामात घालवली आहेत, म्हणून ती कपड्यांकडे पाहत होती. काचेचे मणी असलेले कापड सुईखाली कसे धरले असेल, हा तिला पडलेला प्रश्न त्या माहितीपटाने कोणाला विचारलेला नाही, आणि मला ती उणीव वाटते.

त्याच वर्षी, २००६ मध्ये, आणखी एक डिस्क निघाली आणि तिच्यामुळे माझे या कामावरचे प्रेम पक्के झाले. डॉनर पहिल्या चित्रपटाबरोबरच दुसऱ्या भागाचेही बरेचसे चित्रीकरण करत होते. निर्मात्यांशी त्यांचे बिनसले, दुसरा भाग दिग्दर्शक रिचर्ड लेस्टर यांच्याकडे गेला आणि १९८० मध्ये तो वेगळ्या रूपात पडद्यावर आला. सव्वीस वर्षांनी डॉनर यांचे जुने चित्रीकरण शोधून त्यांच्या मनातला दुसरा भाग जुळवण्यात आला आणि तो डिस्कवर आला. साधा वार्ताहर म्हणून वावरणारा क्लार्क हाच सुपरमॅन आहे हे त्याची सहकारी लोइस त्याच्यावर पिस्तूल झाडून सिद्ध करते, हा त्यातला कळीचा प्रसंग डॉनर यांना तेव्हा चित्रित करताच आला नव्हता. पण भूमिकांसाठी नट निवडताना क्रिस्टोफर रीव्ह आणि मार्गो किडर यांच्या ज्या स्क्रीन टेस्ट घेतल्या होत्या, त्या याच प्रसंगावर होत्या. त्या दोन वेगवेगळ्या दिवशींच्या चाचण्या जोडून प्रसंग पुरा केला गेला. नीट पाहिले तर एका शॉटमध्ये रीव्ह अंगाने किरकोळ आहेत आणि पुढच्या शॉटमध्ये खांदे भरलेले आहेत, कारण मधल्या काळात भूमिकेसाठी त्यांनी व्यायाम करून शरीर कमावले होते. केसही जुळत नाहीत. गोळी झाडली जाते, क्लार्कची पाठ ताठ होते, आवाज खाली उतरतो आणि तोच माणूस दुसरा होतो. तिथे तार नाही, पडदा नाही, भिंग नाही. एरवी जादा साहित्याच्या यादीत कुठेतरी तळाला पडून राहिली असती अशी चाचणी इथे चित्रपटाचा भाग झाली. रीव्ह २००४ मध्ये वारले, त्यांनी हे पाहिले नाही. ही जोडकामाची खूण मला दोष वाटत नाही, आणि परीक्षणातही मी तिला दोष म्हटले नाही.

आता नावडत्या गोष्टी. बऱ्याच नव्या डिस्कवर पाच-पाच मिनिटांच्या चित्रफिती असतात, ज्यांत नट दिग्दर्शकाची स्तुती करतो, दिग्दर्शक नटाची आणि निर्माता दोघांची. या प्रदर्शनाआधी प्रसिद्धीसाठी केलेल्या असतात, आणि त्यांना मी परीक्षणात एका ओळीपलीकडे जागा देत नाही. वगळलेली दृश्येही नुसती ओळीने लावून दिली तर त्यांचा फारसा उपयोग नसतो. ते दृश्य का गेले हे संकलकाने किंवा दिग्दर्शकाने सांगितले तरच त्यातून काही शिकता येते. माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. काही वर्षांपूर्वी मी एका सुपरहिरो चित्रपटाची ‘दोन डिस्कची विशेष आवृत्ती’ पूर्ण किंमत देऊन विकत घेतली. वेष्टनावर दुसऱ्या डिस्कवरच्या साहित्याची यादी छापलेली होती, आणि आत डिस्क एकच निघाली. वितरकाला पत्र लिहिले, तेव्हा भारतातल्या आवृत्तीत दुसरी डिस्क नसतेच, वेष्टन तेवढे तेच वापरले आहे, असे उत्तर आले. मला त्या पैशांचे इतके वाईट वाटले नाही, जितके इथल्या प्रेक्षकाला आतल्या कामात रस नसणारच असे कोणीतरी परस्पर ठरवून टाकले याचे वाटले. पुढे भाचीने अमेरिकेहून ‘सुपरमॅन’चा तो चार डिस्कचा संच आणला तर तो घरच्या प्लेअरवर चालेना, कारण डीव्हीडीच्या विभागणीत अमेरिका पहिल्या झोनमध्ये आणि भारत पाचव्या झोनमध्ये येतो. सर्व झोनच्या डिस्क चालवणारा प्लेअर मिळवल्यावर तो संच पाहता आला.

चित्र आणि आवाज यांबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण ते पाहणाऱ्याच्या टीव्हीवरही अवलंबून असते. पण काही गोष्टी सांगाव्याच लागतात. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ चौकटींनी धावतो, म्हणून १४३ मिनिटांचा ‘सुपरमॅन’ सुमारे १३७ मिनिटांत संपतो, आणि ध्वनी दुरुस्त केलेला नसेल तर जॉन विल्यम्स यांच्या संगीताची पट्टीही किंचित चढते. दुसरे उदाहरण २००८ च्या ‘द डार्क नाइट’चे. त्याचा सुमारे २८ मिनिटांचा भाग आयमॅक्स या भव्य पडद्यासाठीच्या कॅमेऱ्यांनी चित्रित झाला होता, आणि ब्लू-रेवर ती दृश्ये आली की वरखालच्या काळ्या पट्ट्या जाऊन पडदा पूर्ण भरतो. शिकागोच्या रस्त्यावर ट्रक खरोखरच उलटा केलेला आहे हे त्या डिस्कवर दाखवले आहे. ते पाहिल्यावर मूळ दृश्यात ट्रक उलटतानाची शांतता अधिक अंगावर येते.

बडोद्याच्या माणसाने या विषयावर लिहावे याला मला एक जुने कारणही दिसते. दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात शिकले. पुढे त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा छोटा चित्रपट केला, ज्यात ते स्वतः काम करताना दिसतात, म्हणजे आज ज्याला आपण मेकिंग म्हणतो तेच त्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुद्दाम प्रेक्षकांपुढे ठेवले. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’च्या आरंभी तर त्यांची मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यापुढे चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते आणि मग तिचाच बालकृष्ण होतो. ज्या चमत्कारावर प्रेक्षकाने विश्वास ठेवायचा, तो करणारी मुलगी कोण आहे हे फाळके आधीच सांगून टाकतात, आणि तरीही कालिया नागाच्या डोहातला कृष्ण कृष्णच वाटतो. युक्ती कळली की गंमत जाते, असे मला जे म्हणतात त्यांना मी हे उदाहरण देतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हा आमच्या तळमजल्यावरही आले आणि डिस्कचे खालचे दोन कप्पे बुडाले. वेष्टने आणि पुस्तिका वाचल्या नाहीत. कागद एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला. डिस्क मात्र साध्या पाण्याने धुऊन, मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसत गेलो. गोल पुसले की ओरखडा माहितीच्या रेषेबरोबर जातो आणि प्लेअरला तो ओलांडता येत नाही. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.१ मिलिमीटरवर असतो, डीव्हीडीत ०.६ वर, त्यामुळे ब्लू-रेची मला जास्त धास्ती होती, पण त्यांचे वरचे आवरण कठीण असते आणि त्या सगळ्या वाचल्या. आईने स्वयंपाकघरातले ताटाळे रिकामे करून दिले आणि सगळ्या डिस्क त्यात उभ्या करून वाळवल्या. संध्याकाळी वीज आली, वरच्या मजल्यावर प्लेअर जोडला आणि ‘सुपरमॅन’च्या संचातली कोणती डिस्क आधी लावून पाहायची असे मी आईला विचारले. ती म्हणाली, ‘ती कापडाची लाव.’