“लाईट गेली की मला आधी यांची काळजी लागते, ताई.” काचेच्या उंच नळकांड्याकडे बोट दाखवत ऑपरेटर काका म्हणाले.

आज सोलापुरातल्या देगावच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात होते. ‘यांची’ म्हणजे जिवाणूंची!

जाळीत प्लास्टिक, चिंध्या अडकतात, वाळू खाली बसते. एवढं सोपं. पाण्यात विरघळलेली घाण मात्र जाळीला सापडत नाही, ती जिवाणूच खातात. त्यासाठी त्यांना सतत हवा लागते, म्हणून ते मोठे ब्लोअर. काकांनी टाकीतलं एक लिटर तपकिरी पाणी नळकांड्यात ओतलं आणि ३० मिनिटं थांबायला सांगितलं. हळूहळू जिवाणूंचे पुंजके जड होऊन खाली बसले, वर नितळ पाणी उरलं. मी बघतच राहिले. टाकीतही हेच होतं. वरचं पाणी क्लोरीन देऊन पुढे जातं आणि गाळातला काही भाग पुढच्या पाण्यासाठी राखून ठेवतात, विरजणासारखा.

“ॲसिड, रंगाचं पाणी जास्त आलं की मरतात हो. परत वाढायला दिवस जातात.”

हे वाक्य डोक्यातून जाईना. आपल्याकडे सूत रंगवायचं काम चालतंच. आणि संडासात ॲसिडची बाटली तर आपण सगळेच ओततो, मीसुद्धा.

उजनीहून शंभरावर किलोमीटर पाणी आणायचं, नळाची वाट बघायची. मग बागांना, बांधकामांना हे शुद्ध केलेलं पाणी का नको? तुमच्या सोसायटीत कधी हा विषय निघालाय का?