कडी-कोयंडा नव्हताच

दुपारी साडेबाराला काकूंचा फोन आला तेव्हा मी बोहरी आळीत स्क्रू मोजून घेत होतो. "अरे, कुलूप लागलेलं आहे आणि दार उघडं आहे. तू ये," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. वयाचं आणि प्रवासाचं म्हणून मी ते वाक्य सोडून दिलं. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तर ते अक्षरश: खरं होतं.

गौरींसाठी काकू सांगलीला भावाकडे गेल्या होत्या. पहाटे शेजाऱ्यांनी कळवलं, त्या मिळेल त्या गाडीने आल्या. दार आत ढकललेलं होतं. दाराच्या कडेतून मीच बसवलेल्या कुलपाचे चारही बोल्ट ऐटीत बाहेर आलेले. बोल्ट अडकायला चौकटीत बसवलेली पट्टी त्या बोल्टांवरच लटकत होती, आणि पट्टीच्या दोन स्क्रूंना बोटभर लाकडाची ढलपी चिकटलेली होती. कुलपावर ओरखडा नाही. आकड्यांचा दिवा लागत होता. मी बोट लावलं असतं तर "चुकीचा ठसा" म्हणून त्याने मलाच हटकलं असतं.

कुलूपवाल्याला लोक दोनदा बोलावतात. स्वत:ची चावी हरवली की आणि शेजाऱ्याकडे चोरी झाली की. दुसऱ्या वेळी घाई असते, आणि घाईत माणूस कुलूपच विकत घेतो. काकूंचा मुलगा कॅनडात असतो. दोन वर्षांपूर्वी खालच्या मजल्यावर घरफोडी झाली तेव्हा त्याने तिथूनच ऑनलाइन हे बोटाचा ठसा ओळखणारं कुलूप मागवलं. वीस-बावीस हजारांचं. चार सेल, सेल उतरलेच तर बाहेरून नऊ व्होल्टची बॅटरी टेकवायची सोय, आकडे, कार्ड, आणि चावीही. बसवायला मी.

ते बसवणं सोपं नसतं, हे मला सांगायलाच हवं. दार पस्तीस एमएमचं, कुलपाची पेटी बावीस एमएमची. म्हणजे दाराच्या जाडीतच खोबण कोरायची आणि दोन्ही बाजूंना सहा-साडेसहा एमएम लाकूड शाबूत ठेवायचं. मशीन जरा तिरकं धरलं की पातं पलीकडून बाहेर येतं आणि गिऱ्हाईकाला दार नवीन घ्यावं लागतं. मी ते पॉकेट असं कोरलं होतं की पेटी हाताने आत सरकली, हातोडी लागली नाही. त्या दिवशी मी त्याचा फोटोही काढला होता. फोटोत दाराची कड दिसते, पॉकेट दिसतं, माझा अंगठा दिसतो. चौकट दिसत नाही.

चौकटीकडे आता नीट पाहिलं. इमारत जुनी, चौकट चार बाय अडीच इंचांची. दार जिथे टेकतं तिथे चौकटीला अर्ध्या इंचाची खाच असते, आणि पट्टी त्या खाचेत अगदी कडेशी बसते. मूळच्या लॅचची जागा तिथेच होती, मग कुणीतरी दुसरं लॅच जरा खाली बसवलेलं. दोन्हींची भोकं लांबी भरून बुजवलेली, वरून ऑइलपेंट. लांबी म्हणजे रंगाऱ्याचा मसाला, त्यात स्क्रू धरत नाही. त्यातून माझ्या पट्टीला डब्यात आलेले अर्ध्या इंचाचे स्क्रू. कटावणीचं टोक दार आणि चौकट यांच्यामधल्या फटीत गेलं, एकदा मागे ओढलं, काम झालं. शेजारी म्हणाले, आवाज एकच आला, त्यांना वाटलं कुकर पडला.

शेजारी बाहेर का आले नाहीत? त्यांच्या दाराला चोरांनी बाहेरून कडी घातली होती. मजल्यावरच्या तिन्ही दारांना. सकाळी दूधवाल्याने काढली. दाराला बाहेरून कडी असते ती कशासाठी, असं मी प्रत्येक घरी विचारतो. "कधी टाळं लावायचं झालं तर" असं उत्तर येतं. घरात लॅच असताना हे टाळं कधी लागतं, ते मला वीस वर्षांत कुणी सांगितलेलं नाही. "काढून टाकू का?" म्हटलं की "राहू दे". दारावरचं टाळं म्हणजे घरात कुणी नाही अशी पाटी, आणि टाळ्याविना नुसती कडी म्हणजे चोरांची फुकटची सोय.

हवालदार पंचनामा लिहीत होते. माणूस वाईट नव्हता, रात्रपाळी करून आलेला. "नव्या कायद्याने कलम तीनशे एकतीस आणि तीनशे पाच लागतं, पण तोंडात अजून जुनं चारशे सत्तावन्न-तीनशे ऐंशीच येतं," म्हणाले. मी खांद्यावरून डोकावलो. लिहिलं होतं, "दाराचा कडी-कोयंडा उचकटून आत प्रवेश केला."

"साहेब, या दाराला कडी-कोयंडा नाहीये."

"मग काय उचकटलं?"

"चौकट. पट्टीसकट."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि म्हणाले, "सगळे असंच लिहितात." मी आग्रह धरला तेव्हा "लॉक तोडून" असं बदललं. ते आणखी चूक होतं. लॉक तुटलंच नव्हतं! दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या, त्यात पुन्हा कडी-कोयंडाच.

हसू येतं, पण मला ते लागलं. पुण्यातल्या घरफोड्यांच्या बातम्या मी लहानपणापासून वाचतोय, आणि दरवेळी कडी-कोयंडा. आता कळेना की त्यातले किती खरे कोयंडे होते. जिथे खरे असतात, तिथेही कुलूप बहुधा शाबूतच सापडतं. पितळी, सात लिव्हरचं, मुठीएवढं कुलूप अंगणात पडलेलं आणि कोयंडा त्याच्यात अडकलेला, हे मी स्वत: पाहिलंय. कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसत असतील तर चोराला पेचकससुद्धा पुरतो. तिथे बाहेरून गोल डोक्याचे आरपार बोल्ट आणि आतून नट लागतात. चाळीसेक रुपयांचं काम.

संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. काकूंनी फोन माझ्यासमोर धरला. "मिस्त्री, एवढं महागाचं लॉक फेल कसं झालं?" मी लटकणारी पट्टी कॅमेऱ्यासमोर धरली. लॉक फेल झालं नाही हे त्याला पटलं, आणि त्याच क्षणी फेल कोण झालं हे आम्हा दोघांनाही कळलं. मी म्हणालो, "चौकट कमकुवत आहे हे मी तेव्हा सांगितलं होतं." तो म्हणाला, "मला आठवत नाही." काकू काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या दोन पाटल्या आणि देवाची चांदी गेली होती. कपाटातल्या साड्या पलंगावर पसरलेल्या होत्या आणि त्या एकेक घडी घालत होत्या.

दुसऱ्या दिवशी काम केलं. उजव्या बाजूचा चौकटीचा खांब ठोकून पाहिला तर खालून हातभर पोकळ वाजला. वाळवी. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये नुसतं प्लास्टर, मागे हवा. बांधताना चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे होल्डफास्ट, एका बाजूला तीन लावायचे असतात, इथे दोन सापडले, त्यातला एक गंजून भुगा. खांब बदलला, मागची पोकळी सिमेंटने भरली, आणि भिंतीत सहा इंची अँकर मारले. पट्टीच्या जागी तीन एमएम जाडीची, दीड फूट लांब लोखंडी पट्टी लोहाराकडून करून आणली. तिला तीन इंची स्क्रू. सागवानात तीन इंची स्क्रू सरळ घातला तर लाकूड फाटतं, म्हणून आधी बारीक ड्रिल आणि स्क्रूच्या आट्यांना साबण. दाराच्या कडेलाही कुलपाभोवती स्टीलची टोपी बसवली, कारण ते माझं देखणं पॉकेट म्हणजे दाराची सगळ्यात अशक्त जागा आहे. खाली गुडघ्याच्या उंचीवर चावीचं दुसरं साधं कुलूप. आतल्या वरच्या-खालच्या कड्या माणूस घरात असतानाच लागतात. बाहेर गेलं की सगळा भार मधल्या एका जागेवर येतो आणि दार वर-खाली वाकतं.

महागडं कुलूप तेच ठेवलं. सामानाचा खर्च साडेचार हजारांच्या आत. मजुरी मी घेतली नाही, काकूंनी जबरदस्तीने पाचशे खिशात घातले.

मी काम करत असताना त्या जिन्यातल्या चार घरांनी मला थांबवलं. चौघांनीही विचारलं, "कुठल्या कंपनीचं लॉक चांगलं?" एका गृहस्थांना म्हटलं, आधी तुमची चौकट ठोकून बघू. ते म्हणाले, "चौकट बिल्डरने चांगलीच दिली असणार." तीच इमारत, तोच बिल्डर. त्यांच्या दाराची बाहेरची कडी मात्र मी न विचारता काढली. ते बघत राहिले.

निघताना काकू दारात उभ्या होत्या. "आता नाही ना तुटणार?" मी म्हटलं, "तुटेल काकू, पण वेळ लागेल आणि आवाज होईल. चोराला दोन्ही नको असतं." त्या म्हणाल्या, "हे तू मागच्या वेळी का नाही केलंस?" रागाने नव्हे, साडीचा पदर नीट करत, सहज.

मी परत तेच म्हणालो, की सांगितलं होतं, तुम्हीच लोक नंतर बघू म्हणालात. जुनं बिल काढून पाहिलंय. त्यावर "लॉक फिटिंग" एवढंच आहे. पण मला तो दिवस स्पष्ट आठवतो. मी चौकटीवर नखाने खरवडलं, लांबी निघाली, आणि मी म्हणालो, "ही चौकट धरणार नाही." शब्दसुद्धा आठवतात.

गाडीवर मागे बसलेल्या आमच्या पोऱ्याला विचारलं. तोही होता तेव्हा. "काय रे, मी चौकटीचं म्हणालो होतो ना?"

"म्हणालात की," तो म्हणाला. "जिन्यात. मला म्हणालात."